पेन्सिली सोडण्याआधी घड्याळ लावून बघा

पत्राचा सारांश: सातारा जिल्ह्यातल्या एका तिशीतल्या चित्रकार वाचकाचं हे पत्र. उपयोजित कलेचं शिक्षण झालं आहे. पाच वर्षं दिवाळी अंकांसाठी आणि मुलांच्या मासिकांसाठी बोधचित्रं काढतात, आणि जवळजवळ सगळं काम रंगीत पेन्सिलींत. आता एका प्रकाशकाने सह्याद्रीतल्या पावसाळी रानफुलांवरचं मुलांचं पुस्तक देऊ केलं आहे. आकार २० बाय २० सेंटिमीटर, ३२ पानं, त्यात १४ जोडपानं (समोरासमोरच्या दोन पानांवरचं एक चित्र) आणि मुखपृष्ठ, मुदत दोन महिने, मानधन एकरकमी साठ हजार. अडचण अशी की ए४ आकाराचं एक भरीव चित्र पुरं करायला त्यांना पंचवीस तास लागतात. मागच्या वर्षी छापून आलेली त्यांची चित्रं फिकी आणि पांढऱ्या ठिपक्यांची दिसली. त्यातच एका परिचितांनी विकत घेतलेल्या तेरड्याच्या चित्राचा रंग दीड वर्षात उडाला. स्टुडिओ चालवणाऱ्या एका सीनिअरचं मत पडलं, ‘रंगीत पेन्सिल शाळेत ठीक, धंद्यात टॅबलेटच पाहिजे.’ त्या विचारतात, कर्ज काढून टॅबलेट घेऊन हे काम डिजिटल करू, की नाकारू?

उत्तर:

तुम्ही प्रश्न एकच विचारला आहे, पण पत्रात अडचणी तीन आहेत आणि तिन्हींची कारणं वेगळी आहेत. वेळ फार जातो, छपाईत चित्र फिकं पडतं आणि मूळ चित्राचा रंग उडतो. तुमच्या सीनिअरनी या तिन्हींचा दोष मिळून माध्यमावर टाकला आणि तुम्ही तो मान्य केलात. तिथेच थोडं थांबू या. टॅबलेटमुळे रंग उडण्याची अडचण जाईल, कारण उडायला मूळ चित्रच उरणार नाही. वेळेची अडचण बरीच कमी होईल. छपाईची मात्र अर्धीच सुटेल, कारण स्क्रीनवर झगमगणारा जांभळासुद्धा छापखान्यात मरतो. म्हणजे आधी प्रत्येक अडचणीचं मूळ बघायला हवं, माध्यमाचा निकाल नंतर.

‘पेन्सिल म्हणजे शाळा’ हा समज आपल्याकडे घट्ट आहे, कारण बहुतेकांचा रंगीत पेन्सिलीशी संबंध बारा रंगांच्या डबीपुरताच येतो. फाबर-कास्टेलची पॉलिक्रोमॉस ही तेलबंधाची पेन्सिल चित्रकारांसाठी म्हणून १९०८ पासून बाजारात आहे. कारान दाशने पाण्यात विरघळणारी प्रिझमालो १९३१ मध्ये आणली. रेमंड ब्रिग्ज यांचं ‘द स्नोमॅन’ हे एकही शब्द नसलेलं चित्रपुस्तक १९७८ मध्ये आलं, ते रंगीत पेन्सिलींतच आहे. ब्रिटनच्या अ‍ॅन स्वॉन वनस्पतिचित्रं रंगीत पेन्सिलींत करतात आणि त्यांना रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीची सुवर्णपदकं मिळाली आहेत. हॉलीवूडची पोस्टर करणारे ड्रू स्ट्रूझन अ‍ॅक्रिलिक आणि एअरब्रशने मोठे भाग उरकत आणि बारकावे पेन्सिलीने करत. ही नावं तुम्हाला धीर द्यायला सांगत नाही. या तिघांची कामं तीन वेगळ्या गरजांची आहेत. पुस्तकाचं चित्र छापलं गेलं की त्याचं काम झालं, वनस्पतिचित्राचं मूळ पान टिकावं लागतं, आणि पोस्टरला वेग लागतो. तुमचं आत्ताचं काम पहिल्या प्रकारचं आहे आणि तुम्ही ते दुसऱ्या प्रकारच्या पद्धतीने करता आहात. पंचवीस तास बरेचसे तिथे जातात.

आता हिशेब. ए४ कागदाचं क्षेत्रफळ सुमारे ६२४ चौरस सेंटिमीटर. म्हणजे ५ बाय ५ सेंटिमीटरचा एक चौकोन भरायला तुम्हाला साधारण एक तास लागतो. हा आकडा प्रत्येक पेन्सिल-चित्रकाराने स्वतःपुरता काढून भिंतीवर लावावा. तीन चौकोन करा: एक भरगच्च पानांचा, एक फुलाचा, एक साध्या आकाशाचा. प्रत्येकाला घड्याळ लावा. काम घ्यायचं की नाही, किती दिवसांत, किती पैशांत, हे सगळं या आकड्यावरून निघतं.

तुमचं जोडपान ४० बाय २०, म्हणजे ८०० चौरस सेंटिमीटर, म्हणजे ३२ तास. चौदा जोडपानांचे ४४८ तास, मुखपृष्ठाचे १६, एकूण ४६४. साठ हजारांना भागलं तर तासाला १२९ रुपये, आणि त्यात रफ, स्कॅनिंग, दुरुस्त्या धरलेल्याच नाहीत. दोन महिन्यांतले पंधरा दिवस रफ आणि मंजुरीला जातील, आठ दिवस स्कॅनिंग आणि सफाईला. उरले ३७. आठवड्याची सुट्टी धरली तर ३२. रंगीत पेन्सिलीचं बारीक काम दिवसाला पाच तासांपलीकडे नेलं की मनगट आणि अंगठ्याचा सांधा दुखायला लागतो, दाब असमान पडतो आणि कामही बिघडतं. ३२ दिवसांचे १६० तास. तुम्हाला हवेत ४६४. आहे त्या पद्धतीने हे काम दोन महिन्यांत होणार नाही, कितीही जागलात तरी.

पण पद्धत बदलता येते. मुलांच्या पुस्तकात प्रत्येक जोडपान काठोकाठ रंगवायची गरज नसते. मजकुराला जागा लागते, आणि रानफूल पांढऱ्या कागदावर सुटं उभं केलं तर मुलाला त्याची पाकळी जास्त नीट दिसते. चौदांपैकी चार जोडपानं भरीव ठेवा, जिथे पठार, धुकं, फुलांचा गालिचा दाखवायचा आहे. बाकी दहांमध्ये चित्राने पानाचा तिसरा हिस्सा व्यापला तरी पुरे. मुखपृष्ठ धरून हिशेब सुमारे २५० चौकोनांवर येतो. मोठ्या भागांखाली जलरंगाचा थर दिलात आणि चौकोनाचा वेळ ६० मिनिटांवरून ४० वर आला, तर होतात १६७ तास. हातात आहेत १६०. म्हणजे जवळपास बसतं, पण आजारपणाला किंवा वीज गेलेल्या दिवसांना एक तासही शिल्लक राहत नाही. म्हणून प्रकाशकाकडून आणखी दोन आठवडे मागून घ्या. सुरुवातीला हिशेब दाखवून मागितलेले दोन आठवडे बहुतेक प्रकाशक देतात. शेवटच्या आठवड्यात मागितले तर तुमच्यावरचा भरवसा जातो.

अनेकजण चित्र मोठं काढून छोटं करतात, म्हणजे कागदाचा दाणा (पृष्ठभागाचा खरबरीतपणा) दबतो. जलरंगाला ते परवडतं. पेन्सिलीत चित्र सव्वापट केलं की क्षेत्रफळ ५६ टक्क्यांनी वाढतं आणि तेवढेच तासही. छपाईच्या मापातच काढा.

थर कसे बसवायचे ते कारवीच्या जोडपानावर सांगते, कारण तुमच्या पुस्तकात तिला टाळता येणार नाही आणि तिच्यात सगळ्या अडचणी एकत्र येतात: खरबरीत, ठळक शिरांचं पान, दंतुर कड आणि निळसर जांभळं फूल.

कागद ३०० जीएसएमचा, म्हणजे जाड, आणि हॉट प्रेस, म्हणजे दाबून गुळगुळीत केलेला जलरंग कागद घ्या, शक्यतो सुती. तुम्ही पत्रात कार्ट्रिज, म्हणजे साधा चित्रकलेचा कागद म्हटलं आहे. तो पाण्याने लाटा धरतो आणि पाच-सहा थरांनंतर रंग घेणंच थांबवतो. पुण्याचा हातकागद सुंदर असतो, पण त्याचा दाणा मोठा आणि असमान असतो, त्यामुळे छपाईच्या बारीक कामाला तो त्रास देतो. अगदी गुळगुळीत ब्रिस्टल कागदावर रेषा छान येते, पण थर कमी बसतात, शिवाय त्यावर जलरंगही नीट पसरत नाही. कागद बोर्डावर चारी बाजूंनी मास्किंग टेपने चिकटवा.

रेखाटन ट्रेसिंगवर पक्कं करून मगच कागदावर उतरवा, तेही हलक्या रंगीत पेन्सिलीने. ग्रॅफाइटची रेघ पिवळ्या-हिरव्याखाली मळकट दिसते आणि वरून मेणाचा थर बसला की ती खोडताही येत नाही. मग पानाच्या सगळ्या भागावर फिक्या पिवळसर हिरव्याचा पातळ जलरंग. तो पूर्ण वाळू द्या. पावसाळ्यात स्पर्शाला कोरडा लागणारा कागद आतून ओला असतो. हाताची मागची बाजू लावून बघा, गार लागला तर अजून थांबायचं. कागद वाळल्यावर शिरा दाबायच्या: वरून ट्रेसिंग ठेवून रिकाम्या बॉलपेनने शिरांवरून एकदाच, मध्यम जोराने फिरवायचं. कागदात खाच पडते आणि नंतर आडव्या धरलेल्या पेन्सिलीचा रंग त्या खाचेत जात नाही. हा क्रम उलटा करू नका. शिरा आधी दाबून मग जलरंग दिला तर रंग खाचेत साचतो आणि शिरा गडद होतात. कोऱ्या कागदावर दाबून थेट पेन्सिल फिरवली तर शिरा पांढऱ्याफट्ट राहतात आणि पान खोटं वाटतं. फिक्या हिरव्यावर दाबलेली शीर हुबेहूब कारवीची दिसते.

आता पेन्सिल. टोक अणकुचीदार, दाब अगदी हलका, हात बारीक गोलाकार फिरता. पहिले चार थर कागद जेमतेम रंगेल असे. पानाला डबीतली तयार हिरवी थेट लावू नका. पिवळसर माती-हिरवा, त्यावर गडद नीळ, सावलीत तपकिरी किंवा काळपट तांबडा, मग पुन्हा पिवळसर. सह्याद्रीतल्या पावसाळी हिरव्यात नेहमी थोडा तांबडा असतो, तो नसला की पान प्लास्टिकचं वाटतं. रंगीत पेन्सिल अर्धपारदर्शक असते, त्यामुळे गडदावर फिकट चढवून उजेड परत मिळत नाही. उजेडाची जागा सुरुवातीपासून राखावी लागते. कळलावीचं फूल करताना हे जास्त जाणवेल: पाकळीच्या बुडाचा पिवळा आधी पूर्ण करा, तांबडा टोकाकडून खाली आणत पिवळ्यात विरवा. उलट केलंत तर पिवळा गढूळ नारिंगी होईल.

दाब शेवटच्या दोन थरांतच वाढवायचा. फिकट रंगाने किंवा रंगहीन ब्लेंडरने घासून दाणा बुजवणं हे अखेरचं काम. एकदा तसं घासलं की कागद बंद होतो, मग वर काहीच बसत नाही. बहुतेकजण इथेच घाई करतात आणि तिसऱ्याच थराला जोर लावतात. मोठा गडद भाग भरायला गंध नसलेलं मिनरल स्पिरिट चपट्या ब्रशने अगदी थोडं फिरवलं तर रंगाचा मेण-तेलबंध विरघळून दाण्यात उतरतो. खिडकी उघडी ठेवा आणि पुढच्या थराआधी अर्धा तास जाऊ द्या. हार्डवेअरच्या दुकानातलं टर्पेंटाइन यासाठी नको, त्याने कागद पिवळा पडतो. आणि जलरंग नेहमी पेन्सिलीच्या आधी. मेणावर पाणी थेंब धरून घसरतं.

चूक झाली तर खोडरबर घासू नका, तो रंग पसरवून कागदात मुरवतो. पुट्टी रबर किंवा भिंतीवर पोस्टर चिकटवायची पुट्टी दाबून उचला, हलका थर निघून येतो.

आता छपाई. पांढरे ठिपके दिसले याचं कारण कागदाच्या दाण्यात आहे. रंग दाण्याच्या उंचवट्यांवर बसतो, खळगे पांढरे राहतात. डोळा ते एकत्र करून बघतो, पण स्कॅनरचा दिवा एका बाजूने पडतो आणि प्रत्येक खळगा वेगळा दाखवतो. खालच्या जलरंगाने ही अडचण मुळातच मिटते, कारण खळग्यात पांढऱ्याऐवजी रंग असतो. वेळ वाचवायला जो थर दिला त्याचाच हा दुसरा फायदा.

उरलेलं स्कॅनिंगवर आहे. मोबाइलवर फोटो काढून पाठवू नका. फ्लॅटबेड स्कॅनर सीसीडी प्रकारचा मिळाला तर बरा. पातळ, स्वस्त सीआयएस स्कॅनर काचेला अगदी टेकलेलंच स्पष्ट वाचतात, कागद जरा फुगला की धूसर होतात. ६०० डीपीआय, प्रत्येक चॅनलला १६ बिट, टिफ फाइल, रंगक्षेत्र अ‍ॅडोब आरजीबी, आणि स्कॅनरच्या आपोआप सुधारणा सगळ्या बंद. धूळ काढणारी सोयसुद्धा बंद ठेवा, ती पेन्सिलीचे ठिपके धूळ समजून पुसते.

एक व्यवहारी गोष्ट. जोडपानाचं चित्र कापायच्या जागेसह, चारी बाजूंना ३ मिलिमीटर धरून, ४०.६ बाय २०.६ होतं. ए४ स्कॅनरची काच सुमारे २१.६ रुंद आणि २९.७ लांब असते. म्हणून चित्र सुरू करण्याआधीच कागद ४३ बाय २१.४ असा कापून घ्या. तो काचेच्या रुंदीत सपाट बसतो आणि दोन तुकड्यांत स्कॅन होतो. लांबीकडच्या टोकाला कागद काचेच्या कडेवर चढून थोडा उचलला जातो आणि तिथे धूसर येतो. पण दोन तुकड्यांत बरंच चित्र दोन्हीकडे येतं, त्यामुळे तेवढी पट्टी टाकून जोडता येतं. जोडपानाच्या मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना एकेक सेंटिमीटर महत्त्वाचं काही ठेवू नका. फुलाचा मध्य बांधणीत गेला तर पान फुकट.

एवढं करूनही दाणा जास्त दिसत असेल तर तोच तुकडा १८० अंशांत फिरवून पुन्हा स्कॅन करा, फाइल सरळ करून पहिल्यावर जुळवा आणि वरचा लेयर ५० टक्के करा. दोन विरुद्ध बाजूंचा उजेड एकमेकांच्या सावल्या खोडतो. वेळ दुप्पट जातो, त्यामुळे चार भरीव जोडपानांपुरतंच हे करा.

वापरलेल्या प्रत्येक पेन्सिलीचा एक ठिपका चित्राबाहेरच्या पट्टीत लावून ठेवा. स्क्रीनवर रंग जुळवताना नजर त्या पट्टीवर ठेवायची. सॉफ्टवेअरच्या लेव्हल्स या उजेडाच्या सेटिंगमध्ये कागदाचा पांढरा पूर्ण २५५ वर, म्हणजे शुद्ध पांढऱ्यावर, ढकलू नका, फुलाची हलकी कड उडून जाते. २४५ ते २५० च्या आसपास थांबा.

आणि मग कारवीचा जांभळा. चार शाईंच्या छपाईत तो तसा येतच नाही. निळसर जांभळा, चकचकीत गुलाबी, झणझणीत नारिंगी हे रंग सीएमवायके, म्हणजे या चार शाईंच्या, कक्षेबाहेर पडतात आणि मळकट होतात. मॅपलिथो या लेप नसलेल्या कागदावर शाई शोषली जाते, तिथे आणखी फिके पडतात. मॅट आर्ट पेपर या लेप दिलेल्या कागदावर बरे येतात. म्हणून पहिल्याच बैठकीत कागद कोणता आणि त्यासाठीची रंगांची प्रोफाइल कोणती हे विचारून घ्या, आणि पहिलं जोडपान पुरं झालं की त्या कागदावरचा प्रूफ, म्हणजे छापील नमुना, मागा. बाकी तेरा त्याच्यानंतर. छपाईत जांभळा उजळ दिसावा असं वाटत असेल तर फुलाचा रंग भडक करत बसू नका, शेजारचा हिरवा थोडा पिवळसर आणि शांत करा. शेजार बदलला की त्याच शाईतला जांभळा उठून दिसतो. मागच्या वर्षीची तुमची चित्रं फिकी पडली त्यात हा भाग किती आणि स्कॅनचा किती, हे मूळ चित्र आणि छापील पान शेजारी ठेवलं की तुमचं तुम्हालाच कळेल: सगळंच फिकं असेल तर स्कॅन, फक्त जांभळं-गुलाबी पडलं असेल तर शाई.

तेरड्याच्या चित्राचं दुःख मला समजतं. पण त्यातून ‘पेन्सिलीचा रंग टिकत नाही’ असा निष्कर्ष काढू नका. टिकाऊपणा प्रत्येक रंगाचा वेगळा असतो. एकाच डबीतला गेरू वर्षानुवर्षं तसाच राहतो आणि गुलाबी, किरमिजी, फिका जांभळा उडतो, कारण त्यांची रंगद्रव्यं वेगळी असतात. तेरडा नेमका त्या गुलाबी पट्ट्यात येतो. रंगीत पेन्सिलींच्या प्रकाशटिकाऊपणासाठी एएसटीएम या मानक ठरवणाऱ्या संस्थेचं डी-६९०१ हे मानक आहे. कारान दाशच्या ल्युमिनन्स ६९०१ च्या नावातला आकडा त्यावरूनच आला. डरवेंटची लाइटफास्ट मालिकाही खास यासाठीच आहे. या महाग आहेत आणि पूर्ण डबी घ्यायची गरज नाही. तुमच्याकडच्या पॉलिक्रोमॉसमध्ये पेन्सिलीवर छापलेले तारे बघा, कमी तारे असलेल्या गुलाबी-जांभळ्यांच्या जागी या मालिकांतल्या चार-सहा सुट्या पेन्सिली घ्या.

त्याहून खात्रीचं म्हणजे स्वतःची चाचणी. वापरातल्या सगळ्या पेन्सिलींच्या दोन पट्ट्या करा. एक जाड पुस्तकात बंद. दुसरीचा अर्धा भाग काळ्या कागदाने झाकून दक्षिणेच्या खिडकीत, ऑक्टोबर ते मार्च यांदरम्यान सलग तीन महिने. नंतर तुलना करा आणि ज्या पेन्सिली उडाल्या त्यांना टेपचा तुकडा लावा: फक्त छपाईच्या कामाला. फेकायच्या नाहीत. पुस्तकाचं चित्र स्कॅन झालं की त्याचं काम झालं, तिथे उडणारा गुलाबीही चालतो. टिकाऊ रंगांचा खर्च विकायच्या मूळ चित्रांवरच करा.

त्या परिचितांना फोन करून तेच फूल टिकाऊ रंगांत पुन्हा काढून द्या. यापुढे विकताना काचेच्या आत, कागद काचेला न टेकता, थेट ऊन न पडणाऱ्या भिंतीवर, एवढं बिलावर लिहून द्या. आपल्या दमट हवेत चित्रं सपाट, मध्ये बटर पेपर घालून, सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवा, नाहीतर बुरशी येते. मेणबंधाच्या पेन्सिलींच्या भरगच्च कामावर काही दिवसांनी पांढुरकी साय दिसली तर घाबरू नका, मेण वर आलेलं असतं. मऊ कापडाने हलकेच पुसा आणि ३० सेंटिमीटरवरून फिक्सेटिव्हचे (रंग पक्का करणाऱ्या फवाऱ्याचे) दोन पातळ थर द्या. फिक्सेटिव्ह नेहमी स्कॅननंतर, कारण त्याने रंग किंचित गडद होतात.

टॅबलेटबद्दल स्पष्ट सांगते. तुम्हाला जाहिरातींचे स्टोरीबोर्ड, दोन दिवसांत द्यायची वर्तमानपत्री चित्रं, शैक्षणिक व्हिडिओ असं काम हवं असेल तर डिजिटल शिका, त्या कामाला पेन्सिल पुरी पडणार नाही आणि तुमच्या सीनिअरचं म्हणणं त्यांच्या धंद्यापुरतं खरं आहे. पण या प्रकाशकाने तुमचे पेन्सिलीचे नमुने बघून काम दिलं आहे. नवं यंत्र, नवी सवय, नवं कर्ज आणि पहिलं मोठं पुस्तक हे सगळं एकाच दोन महिन्यांत घालू नका. टॅबलेटचा ब्रश हाताला बसायलाच काही महिने लागतात. सध्याचा संगणक आणि चित्र जोडण्याचं एखादं सॉफ्टवेअर या पुस्तकाला पुरेल. पुढे पैसे साठले की साधा ड्रॉइंग टॅबलेट घ्या, रफसाठी आणि रंगयोजना ठरवायला. मधल्या या वाटेने बरेच बोधचित्रकार जातात.

संगणकाचा एक उपयोग मात्र आत्ताच करा. पूर्ण जोडपान एकाच कागदावर काढण्याऐवजी सुटी फुलं, फुलपाखरू, पाठीमागचं धुकं वेगवेगळ्या कागदांवर काढा आणि संगणकावर रचा. प्रकाशकाने ‘फुलपाखरू डावीकडे घ्या’ म्हटलं तर ३२ तासांचं चित्र पुन्हा काढावं लागत नाही. एखादी सोनकी तीन पानांवर लहान-मोठी वापरता येते. पेन्सिलीत दुरुस्ती महाग पडते, म्हणून मंजुरी दोन टप्प्यांत लेखी घ्या: आधी रेषेतला रफ, मग तळहाताएवढा रंगीत रफ. त्यानंतरच्या बदलांचे पैसे वेगळे, हे सुरुवातीलाच सांगायचं.

पैशांचं. वर सुचवलेल्या पद्धतीने रफ आणि स्कॅनिंग धरून तुमचे सुमारे अडीचशे तास जातील, म्हणजे साठ हजारांत तासाला २४० रुपये. हे कमीच आहे. रक्कम वाढत नसेल तर बदल्यात दोन गोष्टी मागा: एक तृतीयांश आगाऊ, आणि मूळ चित्रांची मालकी तुमच्याकडे. डिजिटल चित्रकाराकडे पुस्तकानंतर विकायला मूळ चित्र नसतं, तुमच्याकडे असेल. मुखपृष्ठाची आणि भरीव जोडपानांची मूळ चित्रं विकायचा विचार असेल तर तेवढ्यांना टिकाऊ पेन्सिली वापरा.

हे तोंडी ठेवू नका. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार मोबदला देऊन काढून घेतलेल्या पेंटिंगचा पहिला हक्कदार, वेगळा करार नसेल तर, काम देणारा ठरतो. बोधचित्र त्यात बसतं की नाही हा वाद नंतर घालण्यापेक्षा आधी एक पान लिहून दोघांनी सही करणं सोपं. कलम १९ नुसार हक्क सोपवणं लेखी लागतं, आणि त्यात मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं, प्रदेश लिहिला नसेल तर भारत असं धरलं जातं. तुमच्या पानावर एवढं असू द्या: ही चित्रं या पुस्तकाच्या मराठी आवृत्तीसाठी, अमुक वर्षांसाठी, भाषांतर, कॅलेंडर, शालेय पुस्तक यांना वेगळं मानधन, मूळ चित्रं चित्रकाराची, पहिल्या जोडपानाचा प्रूफ चित्रकाराला दाखवूनच पुढची छपाई, मुदत रफ मंजूर झाल्याच्या तारखेपासून साठ दिवस. हा शेवटचा मुद्दा सोडू नका. रफ महिनाभर प्रकाशकाच्या टेबलावर पडून राहिले, तर ते दिवस तुमच्या मुदतीतून जायला नकोत.